आभाळ भरलेलं, तरी ल्युपसचे चट्टे वाढले

मांडवीकाठ: बहिणीला ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, त्यावर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची गोळी चालू आहे. रोज चोडणहून फेरीबोटीने रायबंदर, पुढे स्कूटरने पणजी. पाऊस लागल्यावर तिने सनस्क्रीन बंद केलं. आता गाल परत लाल, बोटांचे सांधे आखडलेले. घरात गुळवेलीचा काढाही सुरू आहे. ऊनच नाही, मग हे कशाने?

छत्रीवाली: ऊन दिसत नाही, पण अतिनील किरण ढगांतूनही येतात. त्यांतले यूव्हीए साध्या काचेतूनही आत येतात, त्यामुळे ऑफिसात खिडकीजवळचं टेबल असेल तर तेही बदला. सनस्क्रीन एसपीएफ ५०, डब्यावर यूव्हीए संरक्षण लिहिलेलं घ्या. बहुतेक जण चुकतात ते मापात: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत पट्टी काढायची, तेवढं चेहरा आणि मानेला. वाटाण्याएवढं चोपडलं तर डब्यावरच्या ५० ला अर्थ नाही. घरातून निघायच्या १५-२० मिनिटं आधी लावा. घाम आला, तोंड पुसलं की पुन्हा, एरवी २ तासांनी. स्कूटरवर हँडल धरलेल्या हातांची पाठ, कान आणि मान हमखास राहतात. पातळ पांढरी सुती ओढणी भिजली की आणखी कमी अडवते. गडद, घट्ट विणीचं कापड बरं.

गोळीचा_डबा: काढा आजच थांबवा, ताई. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच अंगावर उलटलेली असते. तिला आणखी चेतवायचं कशाला? गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. यकृताची तपासणी करून घ्या. अल्फाल्फाचे (लसूणघासाचे) मोडही नकोत. हुमण-भात (माशाची आमटी-भात) खुशाल खाऊ दे. विडी-सिगारेट मात्र नाही. त्वचेच्या ल्युपसवर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची गोळी धूम्रपान करणाऱ्यांत कमी गुण देते. गोळ्या चुकल्यात का, तेही मोजा. हे औषध शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं, म्हणून चुकवल्याचा फटका उशिरा बसतो आणि खापर भलत्याच गोष्टीवर फुटतं.

मांडवीकाठ: पाकिटात ९ गोळ्या जास्त निघाल्या. काल संध्याकाळपासून थोडी कणकणही आहे.

छत्रीवाली: मग चट्टे बाजूला ठेवा. पावसाळ्यातला ताप डेंग्यू किंवा लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. रोग उसळला समजून घरच्या घरी स्टेरॉइड वाढवू नका. आजच डॉक्टरांना दाखवा, रक्तासोबत मूत्रपिंडासाठी लघवीतली प्रथिनंही तपासायला सांगा. लघवीला फेस किंवा पायांना सूज असेल तर तेही सांगा. अँटिबायोटिक लिहून देताना ल्युपस आहे हे आधी सांगायचं, कारण को-ट्रायमोक्साझोलसारख्या सल्फा औषधांनी तो भडकू शकतो.