ख्यालाला वेगळा, मेटलला वेगळा: दोन आयईएम खरंच लागतात का?

खर्जातला (धागाकर्ता)

महाग आयईएम (कानाच्या आत बसणारे इअरफोन) घेताना पहिला प्रश्न ठरलेला: "बास कसा आहे?" कुठल्या संगीताचा बास, हे कुणी विचारत नाही. माझं मत असं: शास्त्रीय ऐकणाऱ्याने एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा (म्हणजे हलणाऱ्या पडद्यातून आवाज काढणारा) आयईएम घ्यावा. मेटल किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकणाऱ्याने अनेक बॅलन्स्ड आर्मेचरचा (बारीक पात्यातून आवाज काढणारे छोटे ड्रायव्हर, पुढे बीए म्हणतो) घ्यावा. दोन्ही ऐकत असाल तर दोन घ्या.

आकडे पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज 138.6 हर्ट्झ. तंबोऱ्याची जोडी तिथेच, खर्जाची तार 69.3, आणि तबला लावलेला असतो 277 वर. डग्गा शंभरच्या आसपास, घिस्सा दिला की वर सरकतो. म्हणजे विलंबितात 60 हर्ट्झच्या खाली ऐकण्यासारखं जवळपास काही नाही. तिथे उचललेला सब-बास ख्यालाला काय कामाचा? उलट डग्ग्याची आस अखंड हवी: ठोक, घुमारा आणि मींड एकाच पडद्यातून यायला हवी. सेनहायझरच्या आयई 600 मध्ये 7 मिमीचा एकच ड्रायव्हर आहे, क्रॉसओव्हरचा (आवाज अनेक ड्रायव्हरांत वाटणाऱ्या जोडणीचा) सांधाच नाही.

मेटलमध्ये उलटं. डबल किकचा (दोन पायांनी वाजवलेल्या मोठ्या ड्रमचा) धक्का 50 ते 80 हर्ट्झमध्ये, त्याची टकटक 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये, आणि मधली सगळी जागा गिटारींनी भरलेली. तिथे घुमारा नको, लगेच थांबणारा बास हवा. 64 ऑडिओच्या यू12टी मधले 12 बीए हे काम करतात.

आलेखवाला

साफ असहमत. ड्रायव्हरची जात आणि संगीताची जात यांची सोयरीक जुळवू नका.

आयईएम बहुतांशी मिनिमम फेज वागतो. म्हणजे कानाच्या पडद्यापर्यंत पोचणारा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला स्वर किती जोरात येतो ते) सारखा केला की आवाज किती लवकर थांबतो तेही बरंच सारखं होतं. "बीएचा बास लवकर थांबतो" असं वाटतं, कारण अशा बऱ्याच आयईएममध्ये 100 ते 250 हर्ट्झचा भाग कमी ठेवलेला असतो. तोच भाग डायनॅमिकमध्ये कमी करा, तोही "वेगवान" होईल.

डग्गा तुटल्यासारखा वाटतो त्याचं कारणही सांधा नाही. 2019 च्या हरमन इन-इअर आलेखावर (बहुतेकांना आवडणाऱ्या आवाजाच्या नमुन्यावर) बेतलेल्या आयईएममध्ये सब-बास वर असतो आणि 200 च्या आसपास खळगा. पॉप आणि इलेक्ट्रॉनिकला ते छान. पण डग्ग्याचा मूळ स्वर उचललेल्या भागात पडतो आणि त्याचं अंग खळग्यात. मग धम ऐकू येतो, डग्गा ऐकू येत नाही.

यावर दुसरा आयईएम हा उपाय नाही, पॅरामेट्रिक ईक्यू (हव्या त्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करायची सोय) आहे. हरमन पद्धतीच्या आयईएमला ख्यालासाठी इथून सुरुवात करा (लो शेल्फ म्हणजे त्याखालचा सगळा भाग, पीक म्हणजे त्या स्वराभोवतीचा, क्यू जितका मोठा तितकी पट्टी अरुंद, प्रीअँप म्हणजे एकूण आवाज):

लो शेल्फ 105 हर्ट्झ, −3 डीबी, क्यू 0.7
पीक 220 हर्ट्झ, +1.5 डीबी, क्यू 0.8
पीक 3 किलोहर्ट्झ, −1.5 डीबी, क्यू 1.4
प्रीअँप −2 डीबी

प्रीअँप विसरू नका. जिथे उचल आहे तिथे तेवढी जागा आधी मोकळी करावी लागते, नाहीतर जोराच्या समेवर क्लिपिंग होतं (आवाज फाटतो) आणि लोक दोष ड्रायव्हरला देतात. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आहे. फोन कुठलाही असला तरी क्युडेलिक्स 5के सारख्या डॅकमध्ये (डिजिटल संकेताचा आवाज करणाऱ्या डबीत) ईक्यू डॅकमध्येच बसतं.

झांजवाला

8 किलोहर्ट्झपर्यंत आलेखवाले बरोबर. पुढे तुमचा आलेख आणि माझा कान यांची फारकत.

711 कपलरवर (कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या मोजणी-यंत्रावर) मोजताना आयईएम अशा खोलीवर बसवतात की अनुनाद 8 किलोहर्ट्झजवळ येतो. तोच आयईएम कानात 3 मिमी कमी खोल बसला की तो शिखर-बिंदू सातच्या आसपास येतो. खोल नॉझलचा (कानात जाणाऱ्या नळीचा) असेल तर वर जातो. म्हणजे दुसऱ्याच्या मोजणीवरून वरच्या पट्टीत ईक्यू करणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं.

ख्यालात हे खपून जातं. वारकरी भजन लावा, मग समजेल. दहा-वीस टाळ एकदम, आणि त्यांचा बराचसा जोर नेमका याच पट्टीत. शुद्ध बेरिलियमच्या पडद्याचा फायनल ए8000 तंतुवाद्यांना सुरेख, पण त्याचा वरचा भाग धारदार आहे. टाळांच्या भजनाला तो घेऊ नये, मेटलच्या क्रॅश झांजांनाही नाही. इथे संगीतप्रकार महत्त्वाचा ठरतो, आलेखवाले मानोत न मानोत.

ईक्यूच करायचं तर आपल्या कानाने करा. टोन जनरेटरवर 5 ते 10 किलोहर्ट्झ हळूहळू फिरवा, आवाज अगदी कमी ठेवून. जिथे सूर एकदम टोचतो तो तुमचा अनुनाद. तिथे −3 ते −5 डीबी, क्यू 4 ते 5. टिप (नॉझलवरचं मऊ टोपण) बदलली की हे पुन्हा करायचं.

खर्जातला

@आलेखवाला, मिनिमम फेज मान्य. पण हलक्या आवाजात ऐकणाऱ्याचं काय? आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर आधी कमी ऐकू येतात, समश्राव्यतेचे आलेख हेच सांगतात. रात्री मंद आवाजात विलंबित लावणाऱ्याने तुमचं −3 डीबी शेल्फ लावलं तर डग्गा गायबच होईल.

आलेखवाला

बरोबर मुद्दा. मंद आवाजात ते शेल्फ काढून टाका, 220 ची उचल तेवढी ठेवा. पण बघा, आता तुम्हीच एका आयईएमला दोन प्रीसेट लावताय.

ओहमभक्त

सगळे ड्रायव्हर आणि ईक्यूवर भांडताय, डॉंगलचा (फोनला लावायच्या छोट्या डॅकचा) आउटपुट इंपिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विद्युत अडथळा, कुणी काढला नाही. अनेक बीएच्या आयईएमचा इंपिडन्स फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलतो. समजा एके ठिकाणी 30 ओहम आणि दुसरीकडे 5. जुन्या लॅपटॉपच्या किंवा मिक्सरच्या जॅकचा आउटपुट इंपिडन्स 10 ओहम असला तर पहिल्या ठिकाणी 2.5 डीबी घट, दुसऱ्या ठिकाणी 9.5. म्हणजे आलेख 7 डीबीने वाकडा! 1 ओहमच्या डॉंगलवर हाच फरक 1.3 डीबी राहतो.

आयई 600 सारख्या 18 ओहमच्या एकेरी डायनॅमिकला त्याच 10 ओहमवर फक्त आवाज 3.8 डीबीने कमी होतो, नूर बदलत नाही. शुअरचा एसई846 मात्र 9 ओहमचा आहे, त्याला असल्या जॅकला लावूच नये. ढोबळ नियम: आउटपुट इंपिडन्स आयईएमच्या एक अष्टमांशाहून कमी.

यू12टी याला अपवाद. त्यात इंपिडन्स सपाट ठेवायची सोय मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे "सगळे बीए नखरेल" असंही नाही.

आणि जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्यांनी संवेदनशीलताही पाहावी. कॅम्पफायरचा ॲन्ड्रोमेडा इतका संवेदनशील आहे की साध्या अँपची खरखर आलापाच्या मधल्या शांततेत ऐकू येते. मेटलवाल्याला ती कधीच कळणार नाही.

काटकसरी_कानसेन

जुन्या ध्वनिमुद्रणांचा विषय निघालाच आहे तर: 1925 च्या आधी भोंग्यासमोर गाऊन केलेल्या 78 आरपीएमच्या तबकड्यांत साधारण 250 ते 2500 हर्ट्झ एवढंच सापडतं. त्यासाठी दोन हजार डॉलरचा यू12टी? आयई 900 बाजारात आला तेव्हा 1300 डॉलरचा होता, त्याच घरातला आयई 200 दीडशेचा. तबकडीत जे नाहीच ते कुठला ड्रायव्हर आणणार? वरचा ट्रेबल उजळ असेल तर सुईची खरखर तेवढी सुंदर ऐकू येईल.

झांजवाला

@काटकसरी_कानसेन, तबकड्यांपुरतं शंभर टक्के. तिथे 4 किलोहर्ट्झच्या वर उतार दिला की झालं.

मुंबई_लोकल

संगीतप्रकार नंतर, आधी तुम्ही ऐकता कुठे? गाडीचा घरघराट खालच्या पट्टीत असतो, नेमका डग्ग्याला आणि तंबोऱ्याच्या खर्जाला झाकणारा. त्यावर बास उचलून मात करायला गेलात की आवाज वाढत जातो, आणि डब्ल्यूएचओचा हिशोब आठवड्याला 80 डीबीवर 40 तास एवढाच आहे.

इथे एटीमोटिकचा ईआर4एसआर सगळ्यांना भारी. एक बीए, तीन छत्र्यांची टिप, खोल बसवला की 35 डीबीच्या घरात बाहेरचा आवाज कापतो. डायनॅमिकला बहुधा हवेसाठी छिद्र असतं, तिथून गाडी आत येते. त्यामुळे प्रवासात ख्याल ऐकणाऱ्याला बीए आणि घरात मेटल ऐकणाऱ्याला डायनॅमिक, असं धागाकर्त्याच्या अगदी उलट उत्तर निघतं.

सील तपासायची सोपी पद्धत: 40 हर्ट्झचा सूर लावा आणि शेल (आयईएमचं कवच) बोटाने हलकेच आत दाबा. सूर वाढला तर गळती आहे. दोन कानांना दोन मापांच्या टिप्स लागणं अगदी सामान्य. फोमची टिप दाबून घाला आणि 20 सेकंद धरून ठेवा. फोम वरचा भाग थोडा मऊ करतो. टाळाच्या भजनाला ते वरदान, सतारीच्या चिकारीला नुकसान.

खर्जातला

ईआर4एसआरवर डग्गा अगदी कोरडा लागतो, हे तरी कबूल करा.

मुंबई_लोकल

कोरडा आहे, कबूल. शेल्फ लावून 4 डीबी द्या, विकृती फारशी न वाढवता घेतो. आलेखवाले खूश होतील.

ओहमभक्त

पावसाळा सुरू आहे म्हणून एक जोडतो, कारण "एका बाजूचा तबला मागे गेला" ही तक्रार आता सुरू होईल. नॉझलच्या जाळीवर मळ किंवा बाष्प बसलं की त्या बाजूची चाट आधी बोथट होते. आधी केबल डावी-उजवी अदलाबदल करा. दोष बाजू बदलून गेला तर केबल किंवा एमएमसीएक्सचा (केबल शेलला जोडणाऱ्या छोट्या खटक्याचा) काळवंडलेला सांधा. तिथेच राहिला तर शेल. जाळीत टाचणी घालू नका, फुंकरही नको, फुंकरेतच ओल असते. नॉझल खाली धरून मऊ ब्रश फिरवा आणि रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवा. नवी एमएमसीएक्स केबल घ्यायची वेळ आलीच तर आयई मालिकेचा सांधा शेलमध्ये खोल असतो, साध्या बऱ्याच केबली त्यात बसत नाहीत, आधी खात्री करून घ्या.