'चयापचय'ऐवजी 'पचनक्रिया' चालेल का?

तृणांकुर: शाळकरी मुलांसाठी सजीवांच्या लक्षणांवरचा मजकूर मराठीत आणतेय. वाढ, हालचाल, श्वसन, प्रजनन, उत्सर्जन, सगळं बसलं. 'मेटाबॉलिझम'ला चयापचय लिहिलं, तर संपादकांनी खोडून 'पचनक्रिया' केलं. म्हणे शब्द 'पच्' धातूवरूनच आलाय. मला पटत नाहीये.

खडूफळा: 'पच्'चा काडीचा संबंध नाही. चय + अपचय. धातू 'चि', रचणे, गोळा करणे. संचय, समुच्चय त्याचेच भाऊबंद. पेशी अमिनो आम्लांतून प्रथिनं रचते तो चय, ग्लुकोज मोडून ऊर्जा काढते तो अपचय. झाडाला कुठली आलीय अन्ननलिका? पण चयापचय त्याच्या प्रत्येक जिवंत पेशीत चालतो.

बोरूबहाद्दर: असेल. पण पोरांना 'चय' कळणारे का? माझ्या आत्याला डॉक्टर म्हणाले, चयापचय मंदावलाय. तिने पचनाच्या गोळ्या सुरू केल्या! सरळ मेटाबॉलिझम लिहा, जिमला जाणारा प्रत्येक जण तेच म्हणतो.

खडूफळा: मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'बदल'. तो कळतो आणि चय कळत नाही? कमाल आहे.

मधलीसुट्टी: हिंदीवाले 'उपापचय' म्हणतात, ते तर आणखी जड. पण हे लक्षण धरून बसायचं कशाला? सुप्त बीमध्ये चयापचय जवळजवळ थांबलेला असतो, तरी ते सजीवच. उलट विषाणूला पेशीबाहेर चयापचयच नाही. स्टॅन्ली या वैज्ञानिकाने १९३५ मध्ये तंबाखूवरच्या विषाणूचे चक्क स्फटिक केले होते.

बोरूबहाद्दर: वैज्ञानिक नव्हे हो, शास्त्रज्ञ. मराठीत 'वैज्ञानिक' हे विशेषण. दृष्टिकोन वैज्ञानिक, माणूस शास्त्रज्ञ. ही हिंदीची लागण आहे.

मधलीसुट्टी: म्हणजे मेटाबॉलिझम चालतं आणि वैज्ञानिक खुपतं? शास्त्र काय, पाकशास्त्रही असतं. विज्ञान करतो तो वैज्ञानिक, इतकं सरळ आहे.

खडूफळा: जीवशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ रुळलेत, राहू द्या. फक्त 'प्राणीशास्त्रज्ञ' लिहू नका कुणी. समासात णि ऱ्हस्व.

तृणांकुर: मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त 'चयापचय' ठेवून कंसात 'शरीरातली घडामोड' लिहू का?

बोरूबहाद्दर: प्राणीसंग्रहालयाच्या पाट्यांवर दीर्घ णी असतो. त्या सगळ्या चूक?

खडूफळा: हो.