निळं रंगद्रव्य इतकं दुर्मिळ का?

चौकस: पिवळा, तांबडा, हिरवा निसर्गात पैशाला पासरी. निळा मात्र मोजक्यांच्याच वाट्याला, आणि मोरपीस कुटलं तर भुकटी तपकिरी निघते. मग निळा जातो कुठे?

रेणुवेडा: आधी रंगद्रव्याचं बघू. निळं दिसायला ६०० ते ७०० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश शोषावा लागतो. त्याची ऊर्जा कमी, त्यामुळे रेणूतल्या इलेक्ट्रॉन-पातळ्यांतलं अंतरही तितकंच कमी हवं. एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी लांबली की हे अंतर कमी होतं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनमध्ये असे ११ बंध असतात, तरी ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाशच शोषतं, म्हणून नारिंगी. लॉबस्टर पळवाट काढतो: अ‍ॅस्टॅझँथिन हे तांबडं रंगद्रव्य प्रथिनात घट्ट बसवलं की निळसर दिसतं. उकळलं की प्रथिन उलगडतं आणि तांबडा उघडा पडतो.

पीसपारखी: मोरपिसात निळं द्रव्य नसतंच, त्यामुळे जायचा प्रश्न नाही. तिथे मेलॅनिन या तपकिरी रंगद्रव्याच्या काड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि कोणता रंग परत फिरेल ते काड्यांमधल्या अंतरावर ठरतं. निळ्या भागात हे अंतर सुमारे १४० नॅनोमीटर. कुटल्यावर रचना मोडते, तपकिरी मेलॅनिन उरतं. निळ्या मॉर्फो फुलपाखराचा रंगही असाच रचनेचा. त्याच्या पंखावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाका: खवल्यांच्या फटींतली हवा जाऊन द्रव भरतो, रंग हिरवा होतो, सुकला की पुन्हा निळा. पाण्याने प्रयोग फसतो, थेंब नुसता घरंगळतो. खरं निळं रंगद्रव्य असलेले प्राणी अगदी थोडे. मँडरिन मासा त्यातला.

चौकस: आणि फुलं? हायड्रेंजिया या फुलझाडाच्या मुळाशी गंजके खिळे पुरले की ती निळी होते म्हणे.

कुंडीवाला: खिळ्यांचं सोडा, तिला लोह नव्हे, अ‍ॅल्युमिनियम लागतं. मातीचा सामू (pH) ५.५ च्या खाली असला की ते विरघळून मुळांना मिळतं आणि पाकळीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याला चिकटतं. ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, तेही कळ्या धरायच्या आधीपासून. कोरड्या मातीत ओतू नका, मुळं जळतात. आधी साधं पाणी द्या. हाडांचा चुरा किंवा स्फुरद (फॉस्फरस) जास्त असलेलं खत टाळा, स्फुरद अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवतं. पांढऱ्या जाती काही केल्या निळ्या होत नाहीत.

रेणुवेडा: कॉर्नफ्लॉवर या निळ्या फुलात मात्र लोह असतं. अँथोसायनिनचे ६ रेणू, फ्लेवोन या फिकट द्रव्याचे ६, शिवाय १ लोह, १ मॅग्नेशियम, २ कॅल्शियम, एवढा गोतावळा एकत्र आला की तो निळा. गंमत म्हणजे तांबड्या गुलाबातही तेच अँथोसायनिन असतं.