'स्वमग्नग्रस्त' बरोबर आहे का? दारावरच्या फलकासाठी शब्द हवेत

कोरा कागद: वाचनालयाच्या दारावर लावायच्या फलकासाठी 'स्वमग्नग्रस्तांसाठी विशेष सुलभ सोय' असा मजकूर आला आहे, म्हणजे ऑटिझम असलेल्यांसाठी. कानाला खटकतो. यातलं काय ठेवावं, काय काढावं?

शाईची दौत: आधी व्याकरण. 'ग्रस्त' नामाला लागतो: पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त. 'स्वमग्न' विशेषण आहे, त्यामुळे 'स्वमग्नग्रस्त' म्हणजे 'बहिराग्रस्त' म्हटल्यासारखं झालं. 'स्वमग्नताग्रस्त' केलं तर व्याकरण सुटतं, अर्थ अडकतोच. ग्रस्त म्हणजे गिळलेला. खग्रास ग्रहणातला 'ग्रास' त्याच धातूचा. ग्रहण सुटतं, पूर ओसरतो. ऑटिझम ही मेंदूची जन्मापासूनची घडण आहे, ती बाहेरून येऊन कुणाला गिळत नाही. 'पीडित' आणि 'रुग्ण' हेही याच कारणाने नकोत.

खडू-फळा: माझा आक्षेप 'मग्न'वरही आहे. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११च्या सुमारास स्किझोफ्रेनियातल्या एका लक्षणासाठी ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून 'ऑटिझम' हा शब्द घडवला. १९४३मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी तोच शब्द वेगळ्याच मुलांसाठी वापरला. अर्थ पुढे सरकला, नाव मागे राहिलं. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातला 'ऑटोस' ऐकू येत नाही, मराठी माणसाला 'मग्न' मात्र लख्ख ऐकू येतो: ध्यानमग्न, विचारमग्न. मग वर्गात 'तो त्याच्या विश्वात आहे, राहू दे' म्हणून मूल मागच्या बाकावर सोडून दिलं जातं. पुष्कळदा असतं याच्या उलट. ट्यूबलाइटची घरघर, शेजारच्या डब्याचा वास, बाकं सरकवल्याचा आवाज, सगळं एकदम आत येत असतं आणि त्यातलं काहीच मागे सारता येत नसतं. शब्द आत बोट दाखवतो, दुरुस्ती करायची असते बाहेर.

(हिंदीत तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातच 'स्वपरायणता' आहे. 'स्वार्थपरायण'चा सख्खा भाऊ!)

शाईची दौत: पटतं, पण 'स्वमग्नता' टाकून देता येणार नाही. पालक याच शब्दाने माहिती शोधतात, सरकारी कागदांवरही तो आहे. 'ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता' असं एकदा लिहावं आणि पुढे 'ऑटिस्टिक व्यक्ती' म्हणावं. 'मुलं' नको, मुलं मोठी होतात, शब्द तिथेच राहतो. 'मतिमंद', 'गतिमंद' हे तर याचे प्रतिशब्दच नव्हेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता वेगवेगळ्या नोंदल्या आहेत.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा 'सौम्य' हाही फसवा शब्द. ऑटिझम मोजायच्या आपल्याकडच्या 'इसा' (ISAA) मोजपट्टीत ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० ते १०६ आली की 'सौम्य'. वाचणारा त्याचा अर्थ 'मग सवलत कशाला?' असा लावतो.

कोरा कागद: आणि 'सुलभ'?

खडू-फळा: 'सुलभ' म्हटलं की आपल्याला शौचालय आठवतं, त्याला इलाज नाही. २०१५च्या सरकारी अभियानामुळे 'सुगम्य' रुळतोय, पण त्यातला 'गम्' जाण्याचा; डोळ्यांपुढे रॅम्प येतो. इथे दारातून आत जाणं अवघड नाही, आत टिकणं अवघड आहे. म्हणून विशेषण सोडा आणि नेमकं काय बदललंय ते लिहा:

*'दर बुधवारी ३ ते ५ शांत वेळ. ध्वनिवर्धक आणि टीव्ही बंद, निम्मेच दिवे चालू. कानावर हेडफोन, हातात खेळणं चालेल. बोलायचं नसेल तर लिहून किंवा बोट दाखवून सांगा. जिन्याशेजारची शांत खोली कुणीही वापरावी, कारण सांगावं लागणार नाही.'*

'साधारण ३ ते ५' लिहू नका. ३ म्हणजे ३. एखादा बुधवार रद्द असेल तर तो आदल्या आठवड्यातच फळ्यावर लिहा.

शाईची दौत: जोडीला 'शांतता राखा' ही जुनी पाटी शांत खोलीजवळून काढा. शांत खोली ही सोय आहे, 'शांतता राखा' हा हुकूम. त्या हुकुमावर बोट ठेवून पहारेकरी नेमका गुणगुणणाऱ्या किंवा डुलणाऱ्या माणसाला हटकतो, आणि गुणगुणणं-डुलणं हाच त्याचा सावरायचा मार्ग असतो. त्यासाठी 'स्व-उत्तेजन' हा कोशातला शब्द अजिबात नको, भलताच अर्थ निघतो. 'हात फडफडवणं', 'डुलणं' असं दिसतं तसं लिहावं.

कोरा कागद: पहारेकऱ्याला द्यायच्या सूचनांच्या कागदावर 'मेल्टडाऊन'ला, म्हणजे सगळं असह्य होऊन माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो त्याला, 'थयथयाट' चालेल?

खडू-फळा: नको. थयथयाटाला प्रेक्षक लागतो आणि मागितलेली वस्तू मिळाली की तो थांबतो. मेल्टडाऊन तसा थांबत नाही. 'अनावर होणं' म्हणा आणि पुढे कृती: प्रश्न विचारू नका, दंड धरू नका, बघ्यांना हलवा, जवळचा दिवा घालवा, वाट मोकळी ठेवा. 'जरा थांबा' हे वाक्यही त्या कागदावर बाद करा. 'जरा' म्हणजे किती? 'पाच मिनिटं थांबा, मग तुमचा नंबर' असं सांगावं, आणि पाचाची दहा होणार असतील तर पाचव्या मिनिटाला येऊन तसं सांगावं.

कोरा कागद: मग मथळा 'बुधवार ३ ते ५ : शांत वेळ' एवढाच ठेवते. 'विशेष' काढला.

शाईची दौत: ठीक. फक्त 'ऑटिझम' हा शब्द दुसऱ्या ओळीत कुठेतरी असू द्या, नाहीतर ज्यांच्यासाठी केलं त्यांना कळायचं नाही की हे आपल्यासाठीही आहे.