अनुभव धागा : ऑक्टोबर, सफरचंद आणि घरातली चिल्लीपिल्ली

बालवाडीच्या ग्रुपवर 'ॲपल वीक'ची यादी आली आहे. लाल-पिवळी पानं गोळा करा, बागेत जाऊन सफरचंदं तोडा वगैरे. मुंबईत ऑक्टोबरमध्ये पानं नाही, घाम गळतो. पण सफरचंदं मात्र खरीच याच दिवसांत येतात. जुलैपासून हिमाचलची, मागोमाग काश्मीरची, आणि नवरात्रात हातगाड्या नुसत्या लालेलाल. तेव्हा दोन ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन सफरचंदाचं काय काय केलंत ते लिहा. छापील वर्कशीट नकोत. आणि एक आधीच सांगते, चार वर्षांखालच्या मुलांच्या हातात कच्च्या सफरचंदाच्या जाड फोडी देऊ नका, घशात अडकतात. किसून, वाफवून किंवा अगदी पातळ काप करून द्या.

गिरगावची आजी :
सफरचंद उभं न कापता आडवं कापा. मधोमध चांदणी दिसते. फुलाला पाकळ्या पाच, म्हणून आत कप्पेही पाच. नातवाने ती पाहिली आणि मग घरात दिसेल ते आडवं कापायचा हट्ट सुरू झाला. काकडी झाली, पेरू झाला, शेवटी भेंडी. भेंडीतही बहुतेक वेळा पाच कप्पे निघतात, त्यामुळे स्वारी खूश. ठसे उमटवायचे असतील तर कापलेली बाजू फडक्याने टिपून थोडी सुकू द्या, नाहीतर रसामुळे रंग नुसता घसरतो. आमचा पठ्ठ्या ठसा मारून झाला की चाटतो, म्हणून मी पोस्टर कलर बंद केले. बीट किसून पिळायचं, दुसऱ्या वाटीत हळद कालवायची. फरशी पिवळी होते, होऊ दे.

मुलुंडहून एक आई :
आम्ही चार वाट्या मांडल्या. एकीत नुसती फोड, एकीत लिंबू पिळलेली, एकीत मिठाच्या पाण्यातली, एकीत साखरेच्या पाण्यातली. लेकीने आधी पैज लावली की साखरवाली जिंकणार, कारण साखर चांगली असते! कापल्यावर हवेतला ऑक्सिजन आणि फळातलं एन्झाइम एकत्र येऊन फोड तपकिरी पडते आणि लिंबाच्या आंबटपणाने ते मंदावतं, हे मी स्वतःच त्या निमित्ताने नीट वाचलं. तिला एवढंच सांगितलं की फोडीला हवा लागली. आता डब्यात सफरचंद असलं की लिंबू तीच पिळते, मला हात लावू देत नाही.

परळ :
बादलीत सफरचंद, लिंबू आणि बटाटा. कोण बुडेल? सगळी पोरं म्हणाली सफरचंद, कारण ते मोठं. बुडाला बटाटा. सफरचंदाच्या आकारमानाचा साधारण पाव भाग हवाच असते. एवढंच. टॉवेल जवळ ठेवा.

विलेपार्ले, दोन मुलांचा बाबा :
आमची शाळा म्हणजे कोपऱ्यावरचा फळवाला. गर्दी नसेल तर तो धाकट्याला तराजूजवळ उभं करतो. किलोत मोठी चार-पाचच बसतात, छोटी सात-आठ. दोन्हीकडे वजन सारखंच कसं, यावर घरी येईपर्यंत वाद. थोरलीला आकडे ओळखता येतात, ती परदेशी सफरचंदांवरची स्टिकरं वहीत चिकटवते. ४१३१ म्हणजे फुजी, ४०१७ म्हणजे हिरवं ग्रॅनी स्मिथ. तिला नावांपेक्षा आकडेच पाठ.

दहिसरची मावशी :
सफरचंदच का पण? याच दिवसांत सासवडकडची सीताफळं येतात. डोळे उघडलेत का ते बघायचं, हलकेच दाबायचं, तांदळात ठेवायचं, रोज डोकावायचं. बिया मोजण्यात अख्खी संध्याकाळ जाते. फक्त बी चावू देऊ नका, ती विषारी असते.

धागाकर्ती :
मावशी, दोन्ही शेजारी ठेवते. सफरचंदाच्या बियाही चावून खाऊ देऊ नयेतच.

शिवाजी पार्क :
आमच्या सोसायटीच्या भोंडल्यात खिरापत ओळखायला मुलांना बंद डबा हलवायला देतो. गोड की तिखट? शिजवलेलं की कच्चं? एकच आहे की खूप? एकदा डब्यात अख्खं सफरचंद ठेवलं. गडगड आवाज ऐकून 'लाडू' ते 'चेंडू' सगळं झालं. जी पोरं एरवी बाहेरच्यांसमोर तोंड उघडत नाहीत, तीही प्रश्न विचारत होती.

कांदिवली :
बी पेरायचं असेल तर आधी ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये दोन-तीन महिने ठेवा, या बियांना थंडी लागते. थंडीशिवाय नुसतं कुंडीत खोचलं तर बहुधा काहीच उगवत नाही आणि मूल कंटाळतं. उगवलं तरी बियांच्या झाडाला आईसारखं फळ येत नाही. उष्ण भागात तग धरणारं रोप हवं असेल तर एचआरएमएन-९९ जातीचं कलम मिळतं. हिमाचलच्या हरिमन शर्मांनी ती तयार केली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या गॅलरीत मात्र कुंडीला जागा नाही, म्हणून फ्रिजवरच भागवतोय. डब्यावर मुलाचं नाव लिहा, नाहीतर कोणीतरी साफसफाईत फेकून देतं.