पद तेच, गळा नवा : आवडते संगीत नाटक दुसऱ्या संचात पाहताना

परभणी
गेल्या आठवड्यात भिंतीपलीकडून शेजारच्या मुलीच्या रियाजातले ‘तेजोनिधी लोहगोल’ ऐकू आले आणि सुपातले तांदूळ निवडायचे तसेच राहिले. १९७५ साली वडील मला हे पद ज्या नाटकातले, ते ‘कट्यार काळजात घुसली’ दाखवायला पुण्याला घेऊन गेले होते. तेव्हा आमच्याकडे छोट्या रुळांची गाडी होती आणि मनमाडला उतरून गाडी बदलावी लागत असे. बालगंधर्व रंगमंदिरात वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत होते. मी अकरा वर्षांची होते. कथानक फारसे कळले नाही, परंतु ‘घेई छंद’ म्हणताना एका तानेच्या आधी ते क्षणभर थांबले आणि सगळे प्रेक्षागृह त्यांच्याबरोबर थांबले, हे मात्र आजही अंगावर येते.

२०१०च्या सुमारास तेच नाटक नव्या संचात आले. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव या तरुण गायकाच्या भूमिकेत महेश काळे. मुलीला घेऊन गेले, आणि पहिला अंक मी ऐकण्याऐवजी तुलना करण्यातच घालवला. ज्या जागी मी विरामाची वाट पाहत होते, तिथे नातवाने विराम घेतलाच नाही. अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी, तसे झाले. मग पुढे सदाशिव खाँसाहेबांची गायकी लपून उचलू लागला, तेव्हा ध्यानात आले की पुरुषोत्तम दारव्हेकरांनी १९६७ सालीच हा प्रश्न रंगमंचावर मांडून ठेवला आहे : गायकी एका घराची असते का, आणि ती दुसऱ्या गळ्यात गेली की कोणाची होते? तिथून पुढे मी खरोखर ऐकू लागले. आता ते पद मनात म्हणताना विराम कधी येतो, कधी येत नाही. आपणही आपले अनुभव लिहावेत.

नांदेड
ताई, मी साथीला ऑर्गन वाजवतो, म्हणून वादकाच्या बाजूने लिहितो. संच बदलला की सर्वांत आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, बदलते. आमच्या हौशी मंडळींच्या ‘सौभद्र’मध्ये जुने कृष्ण काळी एकमध्ये गात आणि नवा मुलगा पांढरी तीनमध्ये गातो. प्रेक्षकांना पद तेच वाटते, परंतु माझ्या बोटांना वीस वर्षांची वाट सोडून नवी वाट धरावी लागली आणि तबलजींना दुसरा तबला आणावा लागला. ऑर्गनचा भाता पायांनी चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे असतात. गायक बावरला तर उजवा हात त्याला सूर दाखवतो आणि डावा हात खालून आधार देतो. पहिल्या प्रयोगात ‘प्रिये पहा’ सुरू होताना त्या मुलाने प्रेक्षकांकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले. जुन्या कृष्णांनी कधी पाहिले नव्हते. त्या एका नजरेसाठी मी त्याचे सर्व प्रयोग वाजवले.

जालना
दादा, आमच्या मंडळाच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला आहे. आपल्याकडे दुरुस्ती कोण करते? आम्ही दोन वर्षांपासून पेटीवर भागवतो आहोत आणि पदांमागचा तो भरीव सूर कमी पडतो.

अंबाजोगाई
भाकरी तव्यावर आहे, म्हणून थोडक्यात. १९२१ साली ‘संयुक्त मानापमान’मध्ये केशवराव भोसले नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी झाले, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नट एका नाटकात आले. त्याच वर्षी केशवराव गेले. ज्यांनी त्यानंतर दुसरा धैर्यधर पाहिला असेल, त्यांचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बीड
माझा अनुभव उलटा आहे. आमच्या गावात संगीत नाटक कधी आलेच नाही. आजीला सगळी पदे परभणी आकाशवाणीमुळे पाठ झाली होती आणि तिच्याकडून ती माझ्याकडे आली. त्यामुळे मी चाळिशीत पहिल्यांदा नाटक पाहिले, तेव्हा रंगमंचावरचे सगळेच मला नव्या संचातले वाटले, कारण माझा पहिला संच म्हणजे आजी होती.

छत्रपती संभाजीनगर
बीडच्या ताईंचे शेवटचे वाक्य दोनदा वाचले.
संगीत नाटक नव्हे, तरी लिहिते. लक्ष्मण देशपांडे सर आमच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ते एकटे ५२ पात्रे उभी करत, म्हणजे संपूर्ण संच एका देहात. २००९ साली सर गेले आणि वाटले की वऱ्हाडही गेले. पुढे आपल्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी ते उभे केले. मी जाऊ नये असे ठरवले होते, परंतु आईने हट्ट धरला. पंधराव्या मिनिटाला आई मोठ्याने हसली आणि मला तिचा राग आला. मध्यंतरानंतर मीही हसले. तो राग सरांविषयीच्या प्रेमाचा होता, हे समजायला मला पुष्कळ दिवस लागले.

नांदेड
जालन्याच्या दादांसाठी : आमच्या भात्याचे चामडे पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरानेच बदलून दिले. आत ओल राहू देऊ नका आणि वाजवून झाल्यावर खोळ घाला.

बीड
परभणीच्या ताई, त्या रात्री नाटक सुटल्यावर आपले वडील काय म्हणाले होते?

परभणी
ते मनमाडपर्यंत काहीच बोलले नाहीत. गाडी बदलण्यासाठी उतरलो, फलाटावर चहा घेतला, आणि तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘ते थांबले तेव्हा तूही श्वास धरला होतास ना?’