मदत हवी आहे : ट्रॉलीनं सायकलला उडवलं, ट्रॅक्टर सापडला नाही

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, पांढरकवड्याकडचे. माझी पुतणी नववीत आहे. शाळा चार किलोमीटर, सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलीनं जाते. मागच्या सोमवारी सांजच्याला घरी येताना कापसाच्या ट्रॉलीनं तिला घासलं. सध्या वेचणीचा हंगाम, ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी हातभर फुगलेल्या असतात, मागं ना लाइट ना रेडियम. डांबराची कड वीतभर उंच आहे, पोरगी खाली मुरमात पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. ट्रॅक्टरवाला थांबला नाही. सायकल उचलली तर ब्रेकच्या दांड्यात कापसाचं बोंड अडकलेलं होतं. ते पाहून वहिनी तिथंच खाली बसल्या.

ठाण्यात नुसती नोंद घेतली, गुन्हा दाखल केला नाही. गाडी सापडली नाही तरी मोटार वाहन कायद्यात गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख भरपाई आहे, आणि हाड मोडणं गंभीर दुखापतीतच येतं. अर्ज तहसीलदार किंवा एसडीओंकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) जातो. हा अर्ज कोणी केला आहे का? एफआयआर नसताना तो घेतात का? डॉक्टरांचा कोणता कागद जोडावा?

दुसरं, रस्त्याची कड भरून घ्यायला बांधकाम विभागाला अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह द्यावा की थेट? गावातल्या अकरा पोरी त्याच रस्त्यानं जातात. त्यांच्या मडगार्डला आम्ही लाल रेडियम लावलं, पण अंधारात तेवढ्यानं भागेल असं वाटत नाही. सायकलच्या दिव्यासाठी स्वस्त, टिकाऊ काय वापरता तेही सांगा.